कडू लागला का?

पोलिसाची लाठी कशाकशाच्या उपयोगी पडते ते मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण तिच्यावर बनियन वाळत घालता येतं, हे मी मामांकडून शिकले. ठाण्याच्या मागच्या भिंतीला दोन खिळे होते. त्यांवर मामांची लाठी आडवी टाकलेली आणि लाठीवर टॉवेल, बनियन, हातरुमाल असा संसार पसरलेला. बंदोबस्ताचा फोन आला की आम्ही सगळे गाडीत बसलेलो, साहेब हॉर्न वाजवतायत आणि मामा मागे कपडे गोळा करतायत. शेवटी पळत यायचे, खांद्यावर ओला टॉवेल, काखेत लाठी, आणि वर आम्हांलाच म्हणायचे, निघा की, थांबलाय कशाला.

मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. लोक पोलिसाला मामा म्हणतात, हे पोलिसांचेही मामा होते. हवालदार होते. ठाणं कुठलं ते सांगत नाही, पाथर्डीच्या बाजूचं होतं एवढंच. मी काष्टीची. आमच्याकडे कॅनॉलचं पाणी, हिरवागार ऊस, शनिवारचा तो एवढा मोठा बाजार. तिथून मी या उघड्या माळावर नवीन शिपाई म्हणून हजर झाले तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, तिकडं प्यायला तरी पाणी आहे का. होतं. ठाण्याच्या अंगणात एक नळ होता आणि नळाच्या सांडपाण्यावर वाढलेलं एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड होतं. माझी पुढची सगळी नोकरी त्या झाडाखाली घडली म्हटलं तरी चालेल.

पहिल्याच आठवड्यात एका विहिरीवर गेलो होतो. बाईचं प्रेत होतं. पंचनामा झाला, प्रेत पीएमला पाठवलं आणि मी परत आले ती थेट डब्याकडे निघाले. भूक लागली होती हो, खोटं कशाला सांगू. तर मामा दारात आडवे उभे. हातात लिंबाची डहाळी. म्हणाले, "पोरी, मयत करून आलीस नव्हं? मंग अशीच कशी घरात शिरतीस?"

मला कळेचना. घर कुठलं? हे ठाणं. तर मामांनी मला नळावर नेलं, हातपाय-तोंड धुवायला लावलं, चार पानं हातावर ठेवली आणि चाव म्हणाले.

आता आपल्याकडे मयतीला जाऊन आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय आणि पाला चावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? आमच्या घरीही तसंच आहे. पण पोलिसाची मयत ही मयत नसते, ती ड्युटी असते. सकाळी अपघात, दुपारी गळफास, मध्ये कुणाचं तरी भांडण, परत अपघात. कुणी पाय धुवायचे आणि कधी? गाडीतून उतरायचं, पंखा लावायचा, कागद ओढायचे. मामांचं म्हणणं एवढंच होतं की गावातला माणूस वर्षातून दोन मयती करतो आणि दोन्ही वेळा पाला चावतो, तुम्ही रोज करता आणि एकदाही चावत नाही, मग तुमच्या अंगावर ते सगळं साठणार नाही तर काय होईल.

गंमत म्हणजे मामा ख्रिश्चन. आजोबा-पणजोबांपासूनचे. त्यांच्यात पाल्याबिल्याचं काही नसतं. केडगावला घर होतं, मामी तिथं असायच्या. रविवारी सुट्टी मिळाली तर मामा पहाटेच्या एसटीने चर्चला जायचे आणि संध्याकाळी मामींनी दिलेली चटणी घेऊन परत. मी एकदा विचारलं होतं की तुमच्यात हे नाही तर तुम्ही कशाला करता. तर म्हणाले, "आमच्यात प्रार्थना करत्यात. ती मी रोज करतो. पन प्रार्थना करताना मला खोटं बोलता येतं. तोंडात पाला आसला की न्हाई येत."

कारण नुसता पाला चावून भागायचं नाही. पाला चावून झाला की मामा तोंडाकडे बघत विचारायचे, कडू लागला का?

लागला म्हटलं की आत जायचं, काम करायचं. नाही लागला म्हटलं तर संपलं. त्या दिवशी त्या माणसाने कुणाला हात लावायचा नाही. कुणाला म्हणजे कुणालाच, आरोपीला नाही, फिर्यादीला नाही, लाठीला तर नाहीच. मामा स्वतः ठाणे अंमलदाराला सांगून त्याची ड्युटी बदलून घ्यायचे. त्याने वायरलेसपाशी बसायचं, नाहीतर झाडांना पाणी घालायचं. एवढ्या दुष्काळी मुलखात आमच्या ठाण्याची सदाफुली कधी वाळली नाही, यावरून काय ते समजा.

मोठे साहेब या प्रकाराकडे कानाडोळा करायचे, कारण मामांचा पंचनामा कोर्टात कधी पडायचा नाही. छोटे साहेब मात्र अकादमीतून ताजे आलेले, त्यांना हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. एकदा वैतागून म्हणाले, "मामा, हे पोलीस ठाणं आहे, मसणवटा नाही." मामा कडक सॅल्यूट मारून म्हणाले, "व्हय साहेब. म्हनून तर धुवून आत या म्हनतो." छोटे साहेब मान झटकून आत गेले. पाय धुवून गेले की नाही ते आठवत नाही.

मामांची आणखी एक खोड म्हणजे ते मयतांशी बोलायचे. सुरुवातीला माझ्या अंगावर काटाच आला. कूस वळवायची असली की, बाबा, जरा इकडं व्हा हं. साडी सरकली असली की, आक्का, पदर घेतो बरं का, माफ कर. आणि शर्टाच्या खिशात एक काळा कंगवा. स्वतःच्या डोक्यावर मोजून चार केस, पण कंगवा कायम. तो मयतांसाठी होता. नातेवाईक बघायला यायच्या आधी मामा मयताचे केस नीट करायचे. घरच्यांच्या डोळ्यांत ते शेवटचं रूप राहतं, ते विस्कटलेलं कशाला राहू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. जिवंत माणसांनाही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. चोर असो, दारुडा असो, बायकोला मारून आलेला असो, आधी विचारणार, जेवलास का? छोटे साहेब म्हणायचे की मामा आरोपीची चौकशी करतायत का पाहुण्याची तेच कळत नाही.

आता तुम्हांला वाटेल की असा माणूस असल्यावर आमच्या ठाण्यात मारहाण होतच नसेल. होत होती. सगळे पाला चावायचे असंही नाही, आणि चावला तरी तोंड वाकडं करून कडू कडू म्हणायला काय लागतं? एका नाताळात मामा सुट्टीवर केडगावला गेले होते. आमच्यात एक शिपाई होता, तालमीतला, आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. मनाने वाईट नव्हता. पण त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला लागोपाठ दोन जळालेल्या बायका आल्या होत्या, आणि तो कुणाशी बोलायचा बंद झाला होता. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एकाला आणलं, आणि पैलवानाने त्याला असा मारला की त्याचा हात मोडला. चोरी त्याने केलीही नव्हती, ते नंतर कळलं. पण केली असती तरी काय?

मामा नाताळच्या करंज्यांचा डबा घेऊन परत आले. डबा तसाच टेबलावर ठेवला, रिक्षा बोलावली आणि त्या माणसाला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले, प्लास्टर नीट बसलंय का ते बघायला. परत आल्यावर पैलवानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या सुट्टीला पाल्यानं बी सुट्टी घेतली व्हय रे?" आवाज चढवला नाही. पुढे चौकशी लागली तेव्हा जबाबात मात्र जे होतं ते सगळं सांगितलं, एक अक्षर गिळलं नाही. पैलवानाची पगारवाढ थांबली. त्याने मामांशी बोलणं टाकलं. मामा तरीही रोज त्याच्यापुढे पाला धरायचे. तो घ्यायचा नाही. मग मामा पानं त्याच्याजवळच्या खिडकीत ठेवून निघून जायचे. ती तिथंच वाळायची. मला मामांचा रागही यायचा कधीकधी. एवढं कुणाच्या मागे लागावं का?

पण तेव्हा माझं स्वतःचं काय होत चाललं होतं, ते मला दिसत नव्हतं.

आमच्या ठाण्याच्या भागातली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात बायका, पोरं, शेळ्या, पत्रे, भांडी. त्या दिवसांत आमचा फोन वाजला की उलटलेली ट्रॉलीच डोळ्यांसमोर यायची. पहिल्या वर्षी यायची, असं म्हणायला हवं. नंतर येईनाशी झाली. फोन वाजला की मी विचारायची, किती? एवढंच. त्याच दिवसांत आईचा फोन आला, माझी धाकटी मावशी गेली म्हणून. आई रडत होती. आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "कधी? मयताचं वय काय?" आई रडायची थांबली. म्हणाली, "तुला माहीत नाही का गं मावशीचं वय?" त्याच मावशीच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले होते. मला तेव्हा स्वतःची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पालाही मला कडू लागत नव्हता. पण मी तोंड वाकडं करायला शिकले होते, आणि मामा बघायचे, काही बोलायचे नाहीत.

मग ती सकाळ आली. घाटाच्या तोंडाशी ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली होती. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी बऱ्याच जणांना बाहेर काढलं होतं. पत्र्याखाली एक मुलगी होती. असेल पाच-सहा वर्षांची. तिला मी उचललं. मामांनी कंगवा काढला, माझ्याकडे धरला आणि म्हणाले, पोरीचे केस बांध, रिबन सुटलीय. मी म्हटलं, मामा, आत्ता वेळ नाही. खरंच नव्हता. रस्ता तुंबला होता, जखमी ओरडत होते, तिची आई बेशुद्ध होती आणि तिला गाडीत घालायचं होतं. मामांनी कंगवा खिशात ठेवला.

ड्रायव्हर पळाला होता. ठाण्यात परत आलो तेव्हा लोकांनी एकाला पकडून आणून बाकावर बसवलेलं होतं. अपघात झाल्याबरोबर हा रस्त्याने पळत सुटला होता म्हणे, अंगाला डिझेलचा वास, म्हणजे हाच ड्रायव्हर. लोकांनी दोनचार ठेवूनही दिल्या होत्या, ओठ फुटलेला होता. छोटे साहेब नाव विचारत होते, गाव विचारत होते, ट्रॅक्टर कुणाचा ते विचारत होते. तो एक शब्द बोलेना. समोर बघत बसला होता, निर्ढावल्यासारखा. साहेब वैतागून म्हणाले, याला बोलता करा, आणि फोनवर बोलत निघून गेले.

माझ्या बाहीला अजून त्या मुलीच्या अंगाची माती होती. मी कोपऱ्यातली लाठी घेतली. खरं सांगते, राग आला होता असंही नाही. राग आला असता तर निदान काहीतरी आलं असं झालं असतं. पोत्यातली धूळ झटकायची असते तेव्हा आपण काठी घेतो, तशी घेतली. आणि दारात मामा.

"पाला," म्हणाले.

मी म्हटलं, मामा, बाजूला व्हा. ते झाले नाहीत. नळाकडे बोट केलं. तोपर्यंत पाल्याच्या बाबतीत मी त्यांचं कधी मोडलं नव्हतं, म्हणून पाय आपटत गेले, तोंडावर पाणी मारलं, पानं तोंडात कोंबली आणि चावली. मामांनी विचारलं, कडू लागला का? मी तोंड वाकडं करायला गेले तर तेही करता येईना. चावत राहिले, चावत राहिले. गवत चावावं तसं.

"न्हाई मामा," मी म्हटलं. "काहीच लागत नाही."

मामांनी माझ्या हातातली लाठी काढून घेतली. रागावून नाही, झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढून घेतो ना आपण, तशी. मागच्या भिंतीपाशी गेले, ती लाठी दोन खिळ्यांवर आडवी टाकली आणि खांद्यावरचा ओला टॉवेल तिच्यावर पसरला. मग मला म्हणाले, बस इथंच. मी झाडाच्या पाराशी टेकले.

ते आत गेले आणि त्या माणसाला हाताला धरून नळावर घेऊन आले. जेवलास का, विचारलं. त्याचा ओठ धुतला, हात धुतले. आणि चार पानं त्याच्याही हातावर ठेवली. मी बघत होते. त्याने पानं तोंडात घातली, एकदा चावली आणि त्याचा सगळा चेहरा आवळला. आणि तो पहिल्यांदा बोलला.

"माझी पोरगी कुटं हाय? मी पानी आनाया गेल्तो."

ट्रॉली उलटल्यावर हा बाहेर, सांडलेल्या डिझेलमध्ये फेकला गेला होता. पोरगी पत्र्याखाली, बायको हाक मारतीय, पाणी मागतीय. हा वस्तीकडे पळाला. कळशी घेऊन परत येताना लोकांनी धरला. अपघाताच्या जागेवरून जो पळतो तो ड्रायव्हर, असं आमच्याकडच्या लोकांचं पक्कं गणित आहे, आणि खरं सांगायचं तर आमचंही तेच होतं. पकडल्यापासून लोक विचारत होते ट्रॅक्टर कुणाचा, मालक कोण, लायसन कुठंय. पोरीचं त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि आपण तोंड उघडलं तर कुणीतरी सांगेल, या भीतीने तो गप्प बसला होता. हे त्यानेच नंतर मामांना सांगितलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू उचललीस तिला. तूच सांग. पन उभ्यानं नको सांगू."

मी त्याच्यासमोर फरशीवर बसले. दादा, म्हटलं, तुमची पोरगी गेली. वहिनी दवाखान्यात आहेत, त्या जगतील. पोरीला मी माझ्या हाताने काढलं. त्याने विचारलं, "रडत हुती का?" मी म्हटलं, नाही दादा, झोपल्यासारखी होती. मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. अंगात कुठला फ्रॉक होता, पायात चपला होत्या का. असं कुणाला सांगायला मी कधी बसलेच नव्हते. आमचं काम म्हणजे कळवणं, आणि कळवलं की निघायचं. तो रडायला लागला तसा माझाही बांध फुटला. मावशीचंही त्यातच रडून झालं. ठाण्यात लोक येत-जात होते, बघत होते, बघेनात का.

मग आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. त्याला बाहेर बसवून मामांनी पुन्हा खिशातून कंगवा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी आत गेले, पोरीचे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या, रिबनी बांधल्या. बाई, जरा मान उचलते हं, असं मी तिला म्हणाले. म्हणाल्यावर मला कळलं की आपण मामांसारखं बोललो. मग बापाला आत बोलावलं.

संध्याकाळी ठाण्यात आल्यावर मी आपणहोऊन नळावर गेले, पाय धुतले, पाला तोंडात घातला. अगं बाई, काय तो कडू! जीभ नुसती जळत होती. मामा लांबून बघत होते, त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मागच्या भिंतीवरून टॉवेल काढला आणि लाठी आणून जागेवर ठेवली.

त्या बापावर मी लाठी उचलली असती तर? कायद्याने माझं जे व्हायचं ते झालं असतं, ते सोडा. पण ज्याचं लेकरू माझ्या हातात होतं त्यालाच त्याच हाताने मारून मी पुढे कशी जगले असते, याचा विचार माझ्याने आजही होत नाही. मामा दारातून हलले नाहीत, एवढीच ती गोष्ट आहे. आणि माझं सगळं आयुष्य त्या एवढ्याशा गोष्टीवर उभं आहे.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं की हे कडू लागण्याचं तुम्हांला सुचलं कसं. आधी टाळलं. मग म्हणाले की त्यांना सुचलंच नव्हतं, मामींना सुचलं होतं. तरुणपणी ते एका मोठ्या ठाण्यात होते. एक दिवस घरी जेवायला बसले. कारल्याची भाजी होती. खाल्ली, हात धुतला, उठले. मामी म्हणाल्या, मी आज मुद्दाम कारलं पिळलं नाही, मीठ घातलं नाही, गूळ घातला नाही. कालही घातलं नव्हतं. तुम्हांला काहीच लागत नाही का हो? आणि तुम्ही घरात येता तेव्हा पोरं आतल्या खोलीत का जातात, ते तरी कळतंय का? मामा मला एवढंच म्हणाले, "वरीसभर मला काय बी कडू लागलं न्हवतं पोरी. त्या वर्साला मी काय काय केलं ते इचारू नको." मी विचारलं नाही. घराच्या अंगणात लिंब होता. दुसऱ्या दिवसापासून मामा घरी आले की मामी दारात पाला घेऊन उभ्या राहायच्या. कडू लागला का, हा मूळ प्रश्न मामींचा.

मामा रिटायर झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. छोटे साहेब बदली होऊन गेले होते, ते मुद्दाम आले आणि भाषणाच्या आधी नळावर जाऊन पाय धुवून आले. मामांनी जाताना लाठी जमा केली आणि दोन खिळे मात्र उपटून खिशात घालून घेऊन गेले. सरकारी नव्हते ते, म्हणाले, माझ्या पैशाचे हायेत.

मला पुढे बढती मिळाली, हवालदार झाले. बदलीही झाली, नगरजवळच. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. गेल्या वर्षी एका दुपारी फोन आला. मामी गेल्या.

केडगावला पोचले तर अंगणात मांडव, खुर्च्या, चर्चची मंडळी. दफन करून सगळे नुकतेच परतले होते. आणि मामा काय करतायत? मामा चहा वाटतायत. हातात ट्रे, खांद्यावर टॉवेल. पाळकांना खुर्ची दे, म्हाताऱ्यांना सावलीत बसव, गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचार जेवले का. मला बघितलं तर हसले आणि म्हणाले, आलीस का, जेवलीस का? डोळे कोरडे ठणठणीत. त्यांची मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, पप्पा सकाळपासून असेच आहेत, बसतच नाहीत, त्यांना काही सांगा.

मी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात लिंब होता, त्यांच्याच अंगणातला, मामींचा. पण खालच्या फांद्या छाटलेल्या, माझा हात पोचेना. मागून एक दांडगा हात वर गेला आणि डहाळी मोडून माझ्या हातात आली. वळून बघते तर पैलवान. तोही आला होता. केस पिकले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती मान हलवली, जा म्हणून.

मी मामांच्या समोर जाऊन आडवी उभी राहिले. "मामा, पाला."

"अगं येडे," म्हणाले, "आमच्यात नसतं." मी हलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या पैलवानाकडे बघितलं. ट्रे एका हातावर तोलला, पानं घेतली, तोंडात टाकली. चावत राहिले. मांडवात सगळे आपले चहा पीत होते, कुणाला काही पत्ता नव्हता.

"कडू लागला का?" मी विचारलं.

मामा चावत राहिले. मग लहान पोराने चूक सांगावी तसं म्हणाले, "न्हाई गं."

मी त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि कट्ट्यावर ठेवला. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्या ट्रेवर पसरला. म्हटलं, मग आज तुम्ही कुणाला काही द्यायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. बसा. आणि मामा बसले हो, खरंच बसले. झाडाखालच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. चहा पैलवानाने वाटला.

मी रोज फोन करायची. मुलगी सांगायची, नुसते बसून असतात, पण आता कामं काढत नाहीत. मीही घाई केली नाही.

मग एका सकाळी मी ठाण्यात होते. समोर एक बाई तक्रार सांगत होती, नवीन आलेली शिपाई मुलगी लिहून घेत होती. फोन वाजला. मामांचा. हॅलो म्हटलं तर पलीकडून नुसता चावल्याचा आवाज आला. मी थांबले.

"पोरी," मामा म्हणाले, "लागला. लई कडू हाय गं."

आणि ते रडायला लागले. समोरच्या बाईंना मी हातानेच थोडं थांबा म्हटलं. त्या थांबल्या, मुलीने लिहिणं थांबवलं. मी फोन कानाला धरून बसून राहिले, मामांचं रडून होईपर्यंत.